गुण किती, हे कळलं. पण गुण कशाचे?



आम्ही मीरा-भाईंदरमधल्या बचत गटांच्या समन्वयक बोलतोय. आपलं मीरा-भाईंदर कागदावर शहर आहे, महानगरपालिका आहे. पण उत्तन, चौक, पाली, डोंगरी, राई, मुर्धे, मोर्वा इथले आमचे गट अजून गावासारखेच भरतात. कुणाच्या ओटीवर, कुणाच्या अंगणात, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या बाजूला. त्यामुळे आज जे सांगणार आहोत ते गावातल्या आणि शहरातल्या दोन्ही मैत्रिणींच्या कामाचं आहे.

आजचा विषय कर्जाचा नाही, मसाल्याच्या ऑर्डरचाही नाही. विषय आहे दहावी-बारावीच्या मार्कांचा. तुम्ही म्हणाल, मार्कांचं काय बोलायचं, ते तर मुलांनी मिळवायचे. पण आमच्या गटांत मे-जून महिन्यात अंतर्गत कर्जाचे जे अर्ज येतात, त्यातले बरेचसे फीसाठी असतात. अकरावीची फी, क्लासची फी, डिप्लोमाची फी. म्हणजे मुलांच्या मार्कांवर आपण पैसे लावतो. मग ते मार्क कसे मोजतात, हे आपल्याला ठाऊक असायला नको का?

आपल्या गटाचंच उदाहरण घेऊ. बँकेचं कर्ज मिळण्याआधी गटाचं श्रेणीकरण होतं. बँकेचे साहेब येतात, दप्तर बघतात. बैठका वेळेवर झाल्या का, हजेरी किती, बचत नियमित आहे का, अंतर्गत कर्ज फिरतंय का, परतफेड वेळेवर आहे का, हिशोब लिहिलाय का. प्रत्येक बाबीला गुण असतात आणि सगळ्यांना सारखे नसतात. आता समजा, उद्या बँकेने ठरवलं की हजेरीचे गुण काढून टाकायचे आणि परतफेडीचे दुप्पट करायचे. गट तोच, बायका त्याच, वही तीच. पण श्रेणी बदलेल. एखादा गट वर जाईल, एखादा खाली येईल.

शाळेच्या मार्कांचंही तसंच आहे. मुलीने किती अभ्यास केला, हा एक भाग. त्या अभ्यासाला कुठल्या वेळी, कुठल्या विषयात, किती वजन दिलं, हा दुसरा भाग. शाळेत याला भारांश म्हणतात, शिक्षक वेटेज म्हणतात. आपण साध्या भाषेत वजन म्हणू. आणि हे वजन वरून बदलतं. मधल्या काही वर्षांत ते कितीदा बदललं आणि त्याचा आपल्या मुलांवर काय परिणाम झाला, ते बघू.

सगळ्यात ठळक उदाहरण २०१९ सालचं. त्याआधी आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत भाषा आणि सामाजिक शास्त्रं या विषयांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण शाळेच्या हातात असायचे. तोंडी परीक्षा, गृहपाठ, असं काहीबाही. २०१८-१९ या वर्षी हे २० गुण काढून टाकले. कारण असं दिलं गेलं की शाळा हे गुण सढळ हाताने वाटतात. आणि खरं सांगायचं तर त्यात तथ्य होतं. सगळ्यांनाच १८-१९ मिळत असतील, तर त्या गुणांतून कोण हुशार, कोण मागे, हे कळायचं कसं?

पण परिणाम काय झाला? मार्च २०१८ चा दहावीचा निकाल होता ८९.४१ टक्के. मार्च २०१९ चा निकाल आला ७७.१० टक्के. एका वर्षात बारा टक्क्यांहून जास्त घसरण. मुलं एका वर्षात एवढी ढ झाली का? नाही. अभ्यासक्रम नवा होता, प्रश्नपत्रिकेची पद्धत नवी होती, आणि हातातले २० गुण गेले होते.

जरा हिशोब करून बघा. एक मुलगी आहे. तोंडीला तिला २० पैकी १८ मिळायचे आणि लेखीला ८० पैकी ५२. एकूण ७०. आता तोंडी गेली, लेखी १०० गुणांची झाली. ती आधी लिहायची तसंच लिहिते, कमी नाही, जास्त नाही. तर तिला १०० पैकी ६५ मिळतील. पाच गुण गेले, आणि ते तिच्या आळसाने गेले नाहीत. तीन भाषा आणि सामाजिक शास्त्रं असे चार विषय धरा, म्हणजे वीस गुणांचा फरक. अकरावीच्या यादीत वीस गुण म्हणजे घराजवळचं कॉलेज की दोन ट्रेन बदलून जायचं कॉलेज, एवढा फरक.

पण मोठी अडचण वेगळीच होती. आपल्या मीरा रोड-भाईंदरमध्ये एकाच गल्लीत तीन-तीन मंडळांच्या शाळा आहेत. राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई. दहावीपर्यंत सगळे वेगळे. अकरावीला मात्र सगळी मुलं एकाच ऑनलाइन यादीत येतात. त्या वर्षी आपल्या मुलांचे २० गुण गेले आणि सीबीएसईच्या मुलांना शाळेकडचे २० गुण प्रत्येक विषयात मिळतच राहिले. बाजारात एकीचा माल एका काट्यावर तोलायचा आणि दुसरीचा दुसऱ्या, आणि भाव मात्र एकच लावायचा, अशी गोष्ट झाली. २० गुण काढणं बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण एकाच रांगेत उभ्या असलेल्या मुलांपैकी फक्त काहींचे काढायचे, हे चुकलंच.

पुढे काय झालं? २०१९-२० पासून ते २० गुण परत आले. आणि २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. २०१९ मध्ये पूर्ण १०० टक्के मिळवणारी मुलं सगळ्या राज्यात २० होती. २०२० मध्ये ती २४२ झाली. आधीची आणि नंतरची मुलं सावरली. मधल्या एका वर्षाची मुलं मात्र कमी टक्क्यांची गुणपत्रिका घेऊन आयुष्यभर फिरणार. उद्या नोकरीच्या अर्जात कुणी विचारणार नाही, की बाळा, तुझ्या वर्षी नियम काय होता. म्हणून आम्ही आमच्या गटांत सांगतो, मोठीला ८८ आणि धाकटीला ८१ पडले म्हणून धाकटीला बोल लावू नका. आधी विचारा, दोघींची परीक्षा सारखी होती का?

हा घोळ २०१९ मध्ये पहिल्यांदा झाला असंही नाही. वेगवेगळ्या मंडळांची मुलं एका यादीत कशी बसवायची, यावर सरकारने आधीही तीन वर्षं तीन उपाय काढले होते. २००८ मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते उच्च न्यायालयात टिकलं नाही. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना आणि १० टक्के इतरांना, असं ठरवलं. तेही न्यायालयाने रद्द केलं. मग २०१० मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं. सहा विषयांपैकी ज्या पाचांत जास्त गुण, त्यांचीच टक्केवारी. उच्च न्यायालयाने तेही रद्द केलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याला परवानगी दिली आणि ते आजपर्यंत चालू आहे.

या बेस्ट ऑफ फाइव्हकडे आपण नीट बघायला हवं. कारण त्यात एक विषय टक्केवारीतून गळतो. बऱ्याच घरांत तो विषय गणित असतो. मुलीला गणितात ४२ आणि बाकीच्या विषयांत ८५ च्या आसपास. टक्केवारी लागते ८५. घरात पेढे वाटले जातात, शेजारी म्हणतात, विज्ञान शाखेलाच घाला. आई क्लाससाठी गटातून कर्ज काढते. आणि अकरावीच्या पहिल्या चाचणीत मुलगी रडत घरी येते. ८५ टक्के खोटे नव्हते, पण त्या ८५ मध्ये गणित नव्हतंच. म्हणून टक्केवारीचा आकडा कळल्यावर गुणपत्रिका उलगडून एकेक विषय वाचा. वाचता येत नसेल तर मुलीलाच मोठ्याने वाचायला सांगा. पाचांत कुठला विषय आला, कुठला गळला, ते विचारा.

दुसरा एक धडा करोनाच्या वर्षाचा. २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही. मग गुण कसे दिले? नववीच्या अंतिम निकालाला ५० गुण, दहावीच्या वर्षभराच्या कामाला ३०, आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला २०. म्हणजे अर्धं वजन नववीला. ‘नववीला कोण विचारतंय’ म्हणून ज्या मुलांनी ते वर्ष काढलं होतं, त्यांच्या नववीने दहावीचा निकाल ठरवला. राज्याचा निकाल होता ९९.९५ टक्के. जवळपास सगळेच पास, मग यादी लावायची कशी? अकरावीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा ठरली, तीही ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. अशी वेळ रोज येत नाही. पण कुठल्या वर्षाला अचानक वजन येईल, ते आधी सांगून येत नाही.

आता येऊ अवघड विषय आणि सोपा विषय या प्रश्नाकडे. यावर आमच्या बैठकांत सध्या सगळ्यात जास्त प्रश्न येतात. एका ताईंनी मध्यंतरी विचारलं, “पोर माझी मच्छीचा हिशोब तोंडी करते, माझ्याआधी सुटे पैसे परत देते. आणि शाळेत म्हणतात, हिला बेसिक गणित घ्या, मार्क चांगले पडतील. घेऊ का?”

हे बेसिक म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. सीबीएसई मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या दोन पातळ्या केल्या. एक स्टँडर्ड, एक बेसिक. पुस्तक एकच, अभ्यासक्रम एकच, शाळेकडचे २० गुणही सारखे. फक्त लेखी परीक्षेतले प्रश्न बेसिकमध्ये सोपे. आणि टक्केवारी काढताना बेसिकचे ९० आणि स्टँडर्डचे ९० सारखेच धरले जातात. म्हणजे यादीत सोप्या पेपरला आणि अवघड पेपरला वजन एकच.

मग शाळेने सोपं घ्या म्हटलं, तर नवल नाही. शाळेचा निकाल चांगला लागतो, मुलीची टक्केवारी वाढते. पण मंडळाचा मूळ नियम असा होता, की अकरावीला गणित घ्यायचं असेल तर दहावीला स्टँडर्ड हवं. करोनाच्या काळात आणि त्यानंतर त्यात सवलत दिली गेली. पण सवलत म्हणजे हक्क नव्हे. ज्या वर्षी आपली मुलगी दहावीला असेल, त्या वर्षीचा नियम काय, हे शाळेकडून लेखी घ्या.

आपल्या राज्य मंडळातही हे होऊन गेलंय. जुन्या मैत्रिणींना ‘सामान्य गणित’ आठवत असेल. ज्यांना बीजगणित-भूमिती झेपत नाही, त्यांच्यासाठी तो सोपा पर्याय होता. त्याने कितीतरी मुलं दहावी पास झाली, ही चांगलीच गोष्ट. पण सामान्य गणित घेतलं, की पुढे विज्ञान आणि तांत्रिक शिक्षणाकडे जायची वाट अडायची. हे नववीत फॉर्म भरताना कितीजणांनी आई-बापाला सांगितलं असेल? नवा अभ्यासक्रम आला तेव्हा २०१८-१९ पासून दहावीला तो पर्याय बंद झाला.

आता पुन्हा तीच वाट येऊ घातलीय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय, की गणितापासून सुरुवात करून विषय दोन पातळ्यांवर शिकवता येतील, एक साधी आणि एक वरची. आणि २०२४ मध्ये आपल्या राज्याचा शालेय शिक्षणाचा जो आराखडा आला, त्यात अशी तरतूद आहे, की गणित किंवा विज्ञानात ३५ नाही, पण २० च्या वर गुण पडले, तरी मुलाला पास करता येईल. मात्र गुणपत्रिकेवर शेरा येईल, की याला पुढे गणित-विज्ञानावर आधारलेलं शिक्षण घेता येणार नाही. तो शेरा नको असेल, तर पुन्हा परीक्षा द्यायची.

आमचं याबद्दलचं म्हणणं स्पष्ट आहे. गणितात अडकून ज्या मुलीचं शिक्षणच सुटतं, तिला २० गुणांवर पुढे जाता आलं, तर आम्हाला आनंदच आहे. दहावी नापास म्हणून लग्न लावून दिलेल्या मुली आपण सगळ्यांनी बघितल्यात. तिला कला शाखा मिळू दे, शिवणकाम-ब्युटीचा कोर्स मिळू दे, नर्सिंगची मदतनीस होऊ दे. पण तो शेरा काय आहे, हे तिला आणि तिच्या आईला सही करण्याआधी कळलं पाहिजे. कारण शेरा लिहायला एक ओळ लागते, पण तो पुसायला पुन्हा परीक्षेला बसावं लागतं. आणि सोपा पर्याय कुणाच्या पदरात पडतो, हेही बघा. ‘मुलीला काय करायचंय अवघड गणित, मुलगा घेईल’ असं म्हणणारी घरं अजून आहेत. कर्ज भावाच्या क्लाससाठी निघतं आणि बेसिक बहिणीच्या नावापुढे लिहिलं जातं.

बाहेरच्या देशांत यावर काय करतात, तेही थोडक्यात ऐका. अमेरिकेत शाळेत ‘ए’ मिळाला की ४ गुण धरतात. पण कॉलेजच्या पातळीचा अवघड विषय घेऊन त्यात ‘ए’ मिळवला, तर बऱ्याच शाळा ५ धरतात. कारण सरळ आहे. अवघड घेणाऱ्या मुलीचे मार्क थोडे कमी पडले, तरी तिचं नुकसान होऊ नये. तिथेही वाद आहेत. ज्या शाळेत असे विषय शिकवलेच जात नाहीत, तिथल्या गरीब मुलांनी काय करायचं, असा प्रश्न लोक विचारतात. आणि नियम मध्येच बदलला, की तिथलेही पालक चिडतात. आयर्लंड नावाच्या छोट्या देशात २०१२ पासून बारावीला वरच्या पातळीचं गणित घेऊन पास होणाऱ्या मुलांना कॉलेज प्रवेशासाठी २५ गुण जास्तीचे मिळतात. का? कारण मुलं मार्कांच्या भीतीने अवघड गणित सोडून देत होती. म्हणजे अवघड विषयाला वजन दिलं की मुलं तो घेतात, वजन नाही दिलं की सोडतात. यात मुलांचा दोष नाही. आपणही जिथे दर बरा, तिथेच माल नेतो.

आता बारावीकडे येऊ. इथे तर वजनाचा खेळ आणखी वेगळा आहे. इंजिनिअरिंगला जायचं असेल, तर बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताचे गुण फक्त उंबरठ्यापुरते लागतात. खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के. उंबरठा ओलांडला, की यादी लागते ती सीईटीवर. आणि सीईटीत गणिताच्या एका प्रश्नाला २ गुण आहेत, बाकी दोन विषयांच्या प्रश्नाला १ गुण. तिन्ही विषयांचे ५०-५० प्रश्न. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे.

यातून काय होतं बघा. एका मुलीचे तिन्ही विषयांत ३०-३० प्रश्न बरोबर आले. एकूण ९० प्रश्न. तिचे गुण झाले गणिताचे ६०, आणि बाकी दोन्हींचे मिळून ६०. एकूण १२०. दुसरीचे गणिताचे १५ बरोबर आले आणि बाकी दोन्हींचे ४०-४०. एकूण ९५ प्रश्न, म्हणजे पहिलीपेक्षा पाच जास्त. पण तिचे गुण होतात ३० आणि ८०, एकूण ११०. जास्त प्रश्न बरोबर येऊनही ती दहा गुणांनी मागे! कुठल्या प्रश्नाला किती वजन, हे माहीत असेल, तर वेळ कुठे द्यायचा, ते मुलगी आधी ठरवेल. आणखी एक गोष्ट. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून प्रश्न कोरा ठेवायचा नाही. आणि सुमारे २० टक्के वजन अकरावीच्या अभ्यासक्रमाला आहे, म्हणून अकरावी ‘आरामाचं वर्ष’ नाही.

सीईटीच्या निकालात पर्सेंटाइल असतं, त्यावरून घरोघरी गैरसमज होतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या दर शंभर मुलांतली साधारण ९० तिच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. कुणी एजंट येऊन म्हणाला, ‘एवढ्या पर्सेंटाइलला अमुक कॉलेज नक्की मिळवून देतो’, तर त्याला गटातून एक रुपयाही देऊ नका. प्रवेश यादीतूनच होतो.

थोडं जास्तीच्या गुणांबद्दल. दहावीला चित्रकलेच्या शासकीय ग्रेड परीक्षेचे सवलतीचे गुण मिळतात. एलिमेंटरी झाल्यावर इंटरमिजिएट परीक्षेत ए श्रेणी मिळाली तर ७, बी ला ५ आणि सी ला ३. खेळ, लोककला, शास्त्रीय कला यांचेही गुण आहेत. पण हे आपोआप मिळत नाहीत. शाळेने ठरलेल्या तारखेच्या आत मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. खेडेगावातल्या, पालिकेच्या शाळेतल्या मुलींना हे कुणी सांगत नाही. शहरातल्या मोठ्या शाळेत मात्र सातवीपासूनच चित्रकलेचा क्लास लागलेला असतो. तुमच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक नसतील, तर जवळच्या शाळेच्या केंद्रावर मुलींना बसवता येईल का, हे मुख्याध्यापकांना विचारा.

तर मैत्रिणींनो, एवढं ऐकून आपण करायचं काय? शाळा सुरू झाली, की गटाची एक बैठक याच विषयावर घ्या. ज्यांची मुलं आठवी ते बारावीत आहेत, त्यांनी शाळेत जाऊन चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, माझ्या मुलीच्या या वर्षीच्या प्रत्येक विषयात लेखीला किती गुण आणि शाळेकडे किती? शाळेकडचे गुण कशावर देणार? वही, प्रकल्प, तोंडी? ते वेळेत जमा केले नाहीत, तर हातचे जातात.

दुसरा प्रश्न, गणिताच्या किंवा कुठल्याही विषयाच्या दोन पातळ्या आहेत का? असतील, तर माझ्या मुलीच्या फॉर्मवर कुठली लिहिलीय? ती कुणी ठरवली? बदलायची शेवटची तारीख कुठली?

तिसरा प्रश्न, ही निवड केल्यावर पुढची कुठली वाट बंद होते? विज्ञान, पॉलिटेक्निक, आयटीआय, नर्सिंग, पोलीस भरती, जे मुलीच्या मनात असेल, त्याचं नाव घेऊन विचारा. ‘सगळं मिळतं हो’ या उत्तरावर उठून येऊ नका.

चौथा प्रश्न, नियम यंदा बदललाय का? बदलला असेल, तर परिपत्रक दाखवा. राज्य मंडळाचं परिपत्रक मराठीत असतं आणि शाळेला ते दाखवायला हरकत नसते.

एकटीने जायला संकोच वाटत असेल, तर तिघी-चौघी मिळून जा. बँकेत पहिल्यांदा गेलो होतो, तेव्हाही चौघी मिळूनच गेलो होतो ना? माध्यमिक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो, त्यावर गटातली एक तरी बाई असू द्या. उत्तरं मिळाली, की गटाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या ताईच्या कामाला येतील.

आणि एक मागणी आपण सगळ्या गटांनी मिळून लावून धरायला हवी. गुणांचा नियम बदलायचा असेल, तर जरूर बदला. पण मूल नववीत पाऊल ठेवतं, तेव्हा जो नियम सांगितला, तोच दहावीच्या निकालापर्यंत राहू द्या. नवा नियम नव्या नववीपासून लावा. गटाने कर्ज दिल्यावर मध्येच व्याजाचा दर वाढवला, तर आपण ऐकून घेऊ का? मग मुलांनी का ऐकून घ्यावं?

२०२५-२६ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्यात सुरू झालाय. आतापर्यंत हे यादीचं, कटऑफचं प्रकरण मुंबई-पुण्यासारख्या शहरांपुरतं होतं. आता ते तुमच्या तालुक्यापर्यंत आलंय. पसंतीक्रम भरताना मोबाइलवर बोट मुलीचं असेल, पण तिच्या शेजारी तुम्ही बसा. घरापासून किती लांब, एसटी किती वाजता, संध्याकाळी परत यायला गाडी आहे का, हे तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही.

आमच्या त्या ताईंनी शेवटी काय केलं, हे तुम्हाला ऐकायचं असेल. त्या गटातल्या दोघींना घेऊन शाळेत गेल्या आणि हे चारही प्रश्न विचारले. मुलीशी बोलल्या. मुलगी म्हणाली, मला स्टँडर्ड घ्यायचंय, फक्त भूमिती कुणीतरी समजावून द्या. आता गटातल्या एकीची कॉलेजात शिकणारी मुलगी रविवारी चौघींना भूमिती शिकवते. मार्क किती पडतील, ते निकालात दिसेल. पण कुठला पेपर द्यायचा, ते मुलीने समजून-उमजून ठरवलं.

तुमच्या गावात, तुमच्या गटात या विषयावर बैठक झाली, तर काय प्रश्न निघाले, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात आपण शिष्यवृत्तीचे अर्ज आणि लागणारे दाखले, याबद्दल बोलू. उत्पन्नाचा दाखला मात्र आत्तापासूनच काढायला टाका.

नमस्कार!